पावणेदहा ते अकरा

४ ऑगस्ट

चष्मेबहाद्दर,

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. डावा कान विंगेतल्या स्पीकरने कधीच खाल्ला, आता उजवाही कुरकुर करायला लागलाय. आणि ऐकू आलं तरी काय ऐकायचं? तू फोनवर तीनच गोष्टी बोलतोस. "बरं आहे", "चाललंय" आणि "ठेवतो". तुझ्यापेक्षा स्टेशनवर गाडीची घोषणा करणारी बाई जास्त गप्पिष्ट. तेव्हा आता पत्रं. तुझं अक्षर लहानपणी चांगलं होतं, चष्म्यांच्या पावत्या फाडून फाडून त्याचं काय झालंय तेही कळेल.

बातमी अशी की तुझी बहीण छप्पनाव्या वर्षी पुन्हा शाळेत जायला लागली. हसलास? हस. नाटक कंपनी बंद पडून दोन वर्षं झाली. एकतीस वर्षं विंगेतल्या स्टुलावर बसून मी नटांना विसरलेली वाक्यं पुरवली. आता नट कानात यंत्र घालतात, प्रॉम्प्टर हवाय कुणाला? घरी बसून भिंतींना वाक्यं द्यायची वेळ आली होती. तेवढ्यात नाट्योपचाराचा सहा महिन्यांचा वर्ग निघाल्याचं कळलं आणि नाव घालून टाकलं. नाटकातले खेळ, सोंगं, वस्तू घेऊन माणसाला मनातलं बाहेर काढायला मदत करायची, असं ते थोडक्यात. नाटक बसवायचं नाही, टाळ्या नाहीत. पहिल्या दिवशी मी बाईंना विचारलं, "मग तिकीट कोण काढणार?" सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, त्यांनी माझं नाव मात्र लगेच पाठ केलं.

सोमवारी-बुधवारी पुस्तक, शुक्रवारी प्रत्यक्ष काम. पुस्तकातलं पहिलंच प्रकरण 'अंतर'. माणूस आपल्या दुःखाच्या फार जवळ असला तर त्यात बुडतो, फार लांब असला तर कोरडा राहतो, म्हणून नाटक त्याला मधे कुठेतरी उभं करतं. तीनदा वाचलं. तिन्ही वेळा डोक्यावरून गेलं. वर्गातली बाकीची मंडळी पंचविशीतली, ती माना डोलावतात. मीही डोलावते.

मॅनेजरबाई कशा आहेत? बायको तुझी, पण दुकानाला आणि तुला वळण तिनेच लावलं, तेव्हा मी तिला मॅनेजरबाईच म्हणणार. मार्चमध्ये तिला अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी चार दिवस येऊन गेले. त्यानंतर तुझं "सुधारतेय" एवढंच ऐकतेय. खरं काय ते लिही.

तुझी,
ताई

*

१३ ऑगस्ट

ताई,

अंतराचं प्रकरण सोपं आहे. पुस्तक नाकाला लावलं की अक्षरं पुसट. हात लांब करून धरलं तरी पुसट. मधे हातभरावर कुठेतरी अक्षर लागतं. प्रत्येकाचं अंतर निराळं, आणि ते गिऱ्हाइकाला विचारून कळत नाही, पुस्तक पुढेमागे करून बघावं लागतं. बाईंना सांग, फी नको.

तू खरं लिही म्हणालीस म्हणून लिहितो. उजवा हात अजून नाही. उजवा पाय काठीच्या आधाराने येतोय. व्यायाम घ्यायला एक मुलगी रोज येते, ती म्हणते पाय लवकर येईल. बोलण्याचं मात्र अवघड आहे. तिला समजतं सगळं. बोलायला गेली की शब्द दारापर्यंत येतो आणि मागे फिरतो. लिहायला पाटी दिली तरी तेच. 'हो', 'नाही', 'अगं बाई' एवढं निघतं. त्यातही 'हो' म्हणायचं असताना 'नाही' निघालं की स्वतःवरच संतापते. बोलणं शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येतात. बाकीच्या वेळी तिच्या वाट्याचं मीच बोलतो. सव्वीस वर्षं एका काउंटरमागे काढली, तिला काय हवं ते मला न कळायला काय झालं? तिने 'पा' म्हणायच्या आत पाणी हजर असतं.

एक गोष्ट तेवढी लागत नाही. रोज सकाळी नाश्ता झाला की ती माझ्याकडे बघून डावा हात दाराकडे झटकते. कावळा हाकलावा तसा. मी जवळ गेलो की आणखी जोरात. दिवसभर माझंच तोंड समोर, वैतागत असेल. मी मुकाट्याने आतल्या खोलीत जाऊन बसतो. मग बाहेरून तिच्या रडण्याचा आवाज येतो. हे तुला लिहायचं नव्हतं, लिहून गेलो.

दुकान मार्चपासून बंद आहे. पूर्वी पावणेदहाला मी निघायचो, शटर उघडून झाडलोट करायचो, काचा पुसायचो. अकराला मॅनेजरबाई डबा घेऊन आल्या की खरं दुकान सुरू व्हायचं. आता तिला टाकून कसा जाऊ? शेजारचा मोबाईलवाला कधीपासून जागा मागतोय. ३० ऑक्टोबरला सह्या करायचं ठरलंय. तिलाही तेच हवंय. म्हणजे एकदाचा जीवाला घोर नाही.

तुझा,
भाऊ

*

२९ ऑगस्ट

चष्मेबहाद्दर,

तुझं पुस्तक पुढेमागे करण्याचं बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या भावाला वर्गावर पाठवा, तुम्ही दुकान सांभाळा." मी म्हटलं, वर्गाचे चष्मे होतील, दुकानाचं वाटोळं होईल.

आता माझं वाटोळं ऐक. शुक्रवारचं काम सुरू झालं. म्हाताऱ्या माणसांचं केंद्र आहे, सकाळी येतात, संध्याकाळी घरी जातात. मोठी खोली, भिंतीला लावलेल्या खुर्च्या, एक पेटी जुन्या कपड्यांची आणि वस्तूंची. आमच्या वाट्याला सात जण. आधी अंग मोकळं करायचं, मग एकाने करायचं ते दुसऱ्याने आरशासारखं करायचं, मग मुख्य खेळ, आणि शेवटी अंग झटकून घेतलेली सोंगं उतरवून ठेवायची आणि "आता मी मीच" म्हणायचं. उतरवल्याशिवाय कुणाला घरी सोडायचं नाही, हा नियम. आमच्या कंपनीत हा नियम असता तर आमचा खलनायक बायकोशी बरा वागला असता.

त्या सातांत एक लिफ्टमन आहेत. चाळीस वर्षं लिफ्ट चालवली. दारं उघडायची, मजला सांगायचा, दारं लावायची. केंद्रात आल्यापासून महिनाभरात एक अक्षर नाही. गेल्या आठवड्यात पेटीतली एकेक वस्तू घेऊन तिच्याशी बोलायचा खेळ होता. त्यांनी एक बायकी छत्री उचलली, खुर्चीवर उभी टेकवून ठेवली आणि म्हणाले, "तू..."

खोलीत टाचणी पडली तर ऐकू आली असती. अगदी मलासुद्धा.

आता कंपनीतला माझा नियम तुला माहीत नाही. नट थांबला की मी मनात मोजायची. एक, दोन, तीन. तीनपर्यंतचा विराम त्याचा, चौथा माझा. एकतीस वर्षांची सवय रे. चौथ्याला माझ्या तोंडून निघून गेलं, "फार लवकर गेलीस." ते लगेच म्हणाले, "फार लवकर गेलीस." सगळ्यांचे डोळे भरून आले, एका आजींनी टाळ्या वाजवल्या, मी खूश.

बाई नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्ही त्यांना वाक्य दिलंत. त्यांनी ते नटासारखं घेतलं. आता त्यांचं वाक्य कुठे आहे?" काल शुक्रवार होता. लिफ्टमन आले नाहीत. मला रात्रभर डोळ्याला डोळा नाही. त्या माणसाने महिनाभराने तोंड उघडलं आणि मी त्यात माझा घास कोंबला. ते परत आले नाहीत तर बाईंनी मला काढलं तरी मी तक्रार करणार नाही.

म्हणून विचारते, राग मानू नकोस. दुकान द्यायचं मॅनेजरबाईंना हवंय, हे ती म्हणाली की तू?

ताई

*

८ सप्टेंबर

ताई,

तिला विचारलं. ती हो म्हणाली.

तू म्हणशील कसं विचारलं. तर असं, की "दुकान देऊन टाकूया ना, मग मी सारखा तुझ्याजवळ राहीन, बरं होईल ना?" त्यावर ती काही बोलली नाही. मी म्हटलं, "चालेल ना?" तिने डोळे मिटले. मी म्हटलं, "ठीक आहे, दमलीस." माणसाला दमल्यावर आणखी किती छळायचं?

दुरून सल्ले द्यायला काय जातंय? इथे दर दोन तासांनी औषध आहे, आंघोळ आहे, काठी आहे. तुझं शास्त्र तुझ्यापाशी ठेव. लिफ्टमन परत येवोत.

भाऊ

*

२७ सप्टेंबर

भाऊराया,

तुझं पत्र आल्यावर दोन आठवडे लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर भांडण झालं असतं आणि पत्रातलं भांडण पंधरा दिवस पुरतं. तुझं खरं आहे. मी चार दिवस पाहुणी आले आणि गेले, रोजचं तू निभावतोस. मला बोलायचा अधिकार नाही. चुकलं माझं.

लिफ्टमन परत आले. बाई स्वतः त्यांच्या घरी जाऊन आल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "त्या दिवशी मी मधे बोलले, माफ करा." त्यांनी माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. बाईंनी मला एक तोडगा दिलाय. मी बोलायच्या आधी माझा हात उचलला जातो, कारण वहीत वाक्यावर बोट ठेवायची सवय. त्या म्हणाल्या, "हात मांडीखाली ठेवून बसा. चौथा आकडाही त्यांचा, चाळिसावाही त्यांचाच." छप्पन वर्षांची बाई शाळेत शिक्षा झाल्यासारखी हात मांडीखाली घालून बसते, मुलं गालातल्या गालात हसतात.

परवाच्या शुक्रवारी त्यांनी पुन्हा तीच छत्री घेतली. "तू..." म्हणाले. मी मोजत होते, बासष्टपर्यंत मोजलं. हातांना मुंग्या आल्या. मग ते म्हणाले, "तू छत्री विसरलीस. नेहमी विसरायचीस. मी मागून पळत यायचो." आणि हसले रे! दात नाहीत, पण काय हसले! पुढची दहा मिनिटं ते छत्रीला झापत होते. बायकोच्या मागून छत्री घेऊन जिना उतरणारा लिफ्टमन! हे वाक्य मला सात जन्मांत सुचलं नसतं. मी त्यांना रडकं वाक्य दिलं होतं आणि त्यांच्याकडे हसरं होतं.

सध्या वस्तूंचा खेळ शिकतोय. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासमोर पेटीतल्या वस्तू ठेवायच्या. ही वस्तू मी, ही माझी मुलगी, असं तो मनाशी ठरवतो आणि हाताने मांडतो. आपण फक्त बघायचं. त्याच्या मांडणीला हात लावायचा नाही, अर्थ सांगायचा नाही.

हे सगळं मी गंमत म्हणून लिहितेय. तुला काहीही सुचवत नाहीये. घरच्या माणसांवर प्रयोग करायला बाईंची सक्त मनाई आहे, आणि मी आधीच एकदा ओरडा खाल्लाय.

ताई

*

१५ ऑक्टोबर

ताई,

तू सुचवलं नाहीस. माझं मीच केलं, तेव्हा बाईंना सांग, शिष्या निर्दोष आहे. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनाही विचारलं, त्या म्हणाल्या करून बघा, तिला त्रास होतोय असं वाटलं तर थांबा.

मागच्या दाराने जाऊन दुकानातून नमुन्याच्या फ्रेमचा ट्रे घरी आणला. जेवणाच्या टेबलावर मांडला. काळी जाड फ्रेम म्हणजे मी. लाल फ्रेम म्हणजे ती, तिची जुनी लाल फ्रेम तशीच होती. एक सोनेरी फ्रेम बोलणं शिकवणाऱ्या बाईंची, एक बिनकाठाची व्यायामवाल्या मुलीची. मी तिला सगळं समजावून सांगितलं. काळी आणि लाल शेजारी शेजारी ठेवल्या, काड्यांत काडी अडकवली, म्हटलं, "हे बघ, आपण दोघं. असेच राहणार."

तिने डाव्या हाताने काड्या सोडवल्या आणि काळी फ्रेम ढकलत ढकलत टेबलाच्या पार कडेला नेली. पडायचीच बाकी होती. मला वाटलं चुकून झालं. पुन्हा आणून लालच्या शेजारी ठेवली. तिने पुन्हा ढकलली. मी म्हटलं, "मी जवळ नको का तुला?" तेव्हा तिने ट्रेच उलटा केला. फ्रेम सगळ्या जमिनीवर. दोन काड्या मोडल्या, लालची नाही.

सकाळचा तो हात आणि आता हे. ताई, आता स्पष्टच आहे. मी तिला नकोसा झालोय. सात महिने मी तिला भरवतो, न्हाऊ घालतो, केस विंचरतो आणि तिला मी टेबलाच्या कडेला हवाय. आडून आडून नको विचारूस आता, तू आम्हाला दोघांना ओळखतेस. पंधरा दिवसांनी सह्या आहेत. दुकान गेलं की मी चोवीस तास घरातच, आणि तेच तिला नको असेल तर मी कुठे जायचं? तुला काय वाटतं ते सांग. उलट टपाली सांग.

भाऊ

*

१९ ऑक्टोबर

भाऊराया,

तुझं पत्र वाचलं आणि मला वाटतं मला कळलं.

सांगणार नाही.

थांब, पत्र फाडू नकोस. कंपनीचा मुक्काम तुमच्या गावात असायचा तेव्हा मी तुमच्याकडे आठ-आठ दिवस राहिलेय. विंगेत बसणाऱ्या बाईला नटापेक्षा नाटक जास्त दिसतं, आणि तुमच्या घरातलं सकाळचं नाटक मी खूपदा बघितलंय. तुला हवं ते वाक्य माझ्या जिभेवर आहे. हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय. पहिल्या तिन्हींत ते वाक्य लिहिलं होतं. तिन्ही फाडली. फाडताना माझा जीव तीळ तीळ तुटला, कारण तीस तारखेला सह्या आहेत आणि माझ्या आडमुठेपणापायी दुकान गेलं तर मी स्वतःला कधी माफ करणार नाही. पण मी सांगितलं तर ते माझं वाक्य होईल. तू ते तिला ऐकवशील, ती थकून डोळे मिटेल आणि तू म्हणशील, "बघ, हो म्हणाली."

एवढंच सांगते, आणि हे बाईंना विचारून सांगतेय. त्या म्हणाल्या, नवराबायकोंनी एका टेबलाशी बसून खेळायला कुणाची परवानगी लागत नाही. खेळ तू अर्धा सोडलास. तिची चाल चालू असताना तू दोनदा तिची सोंगटी मागे आणलीस. बुद्धिबळात असं केलं असतंस तर लहानपणी मी तुझे कान उपटले असते.

पुन्हा मांड. म्हणजे मांडू नकोस, ट्रे नुसता तिच्यासमोर ठेव. कोणती फ्रेम कोण ते सांगू नकोस. तिने तुला कडेला नेलं तर कडेला राहा. दुखेल. दुखू दे. हात मांडीखाली ठेव आणि ती थांबली, असं वाटल्यावर आणखी थांब.

नकोसा झालेला माणूस ट्रे उलटण्याइतका जिव्हाळ्याचा नसतो रे वेड्या.

ताई

*

२८ ऑक्टोबर

ताई,

तुझ्यावर तीन दिवस चिडलो. मग काल दुपारी, तिची झोप झाल्यावर, ट्रे तिच्यासमोर ठेवला. मोडलेल्या काड्या आधी बसवून घेतल्या होत्या. काही बोललो नाही. खुर्चीवर बसलो आणि हात मांडीखाली घातले. ती माझ्या हातांकडे बघायला लागली. मग तोंडाकडे. सात महिन्यांत मी तिच्यासमोर इतका वेळ गप्प पहिल्यांदाच बसलो असेन.

तिने काळी फ्रेम उचलली. नेली कडेला. मी मोजायला सुरुवात केली. तीसला तिने ट्रेमधली चष्म्याची रिकामी डबी घेतली आणि ती काळीच्या शेजारी ठेवली. एका हाताने झाकण उघडेना, घसरत होतं. ताई, माझे हात मांडीखालून निघत होते, मी त्यांच्यावर जोर देऊन बसलो. चौथ्या खेपेला झाकण उघडलं. वर. शटरसारखं.

मग ती थांबली. मी मोजत राहिलो. शंभर झाले, दीडशे झाले, मला वाटलं दमली, संपलं, आता हिला आडवं करावं. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि बोट हवेत काट्यासारखं एकदा गोल फिरवलं. दोनशे दहाला लाल फ्रेम घेतली. ती टेबलावरून सरकवत, टेबलक्लॉथच्या प्रत्येक सुरकुतीपाशी अडत, हळूहळू डबीपर्यंत आणली. काळीच्या शेजारी ठेवली. मग परत मागे हात नेऊन साखरेच्या भांड्याचं छोटं झाकण घेतलं आणि लालच्या बाजूला ठेवलं. ते झाकण म्हणजे डबा. माझा जेवणाचा डबा.

सव्वीस वर्षं, ताई. सव्वीस वर्षं पावणेदहाला ती दारात उभी राहून हात करायची, "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच." शब्द गेले आणि हात तेवढा राहिला. ती रोज मला दुकानात पाठवत होती, आणि मी हाकललं म्हणून आतल्या खोलीत जाऊन बसत होतो. ती रडायची ते मी गेलो म्हणून नाही, गेलो नाही म्हणून.

मी मोठ्याने रडलो. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. मला शब्द ठाऊक होता, माझ्या तोंडात तो तयार होता. मी दात आवळून धरले. किती वेळ गेला ते मोजलं नाही. मग ती म्हणाली, "व्हा." आणि बऱ्याच वेळाने, "पुढे."

खेळ संपल्यावर तुमच्या नियमाप्रमाणे उठून अंग झटकलं आणि म्हटलं, "आता मी मीच." मॅनेजरबाई इतक्या हसल्या की ठसका लागला.

मोबाईलवाल्याला आज सकाळी नाही म्हणून सांगून आलो.

भाऊ

*

३ नोव्हेंबर

भाऊराया,

पत्र शुक्रवारी केंद्रात वाचलं आणि तिथेच रडले, मुळीच लाज न बाळगता. बाईंनी पाणी दिलं. लिफ्टमननी छत्री उघडून माझ्या डोक्यावर धरली.

आता माझी एक कबुली. मला कळलं होतं असं मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं. मी तीन पत्रांत जे वाक्य लिहून फाडलं ते काय होतं माहितेय? "तिला वाटतं तू दुकान चालू ठेवावंस." एवढंच. अशा अवस्थेतही ती स्वतः मागून येणार आहे, डबा घेऊन येणार आहे, हे मला स्वप्नातही सुचलं नव्हतं. मी वाक्य दिलं असतं तर अर्धं दिलं असतं. तू आनंदाने दुकानात गेला असतास, तिच्यासाठी कुणीतरी बाई ठेवली असतीस आणि ती घरात बसून आणखी रडली असती. त्या चौथ्या पत्राने वाचवलं आपल्याला.

आता येऊ दे तिला. आणायला जाऊ नकोस. ऐकलंस? आणायला जाऊ नकोस.

ताई

*

१२ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र दुकानातून लिहितोय. आज आठ महिन्यांनी शटर उघडलं. गंजलं होतं, तेल सोडून वर केलं. झाडलं. काचा पुसल्या. डोळे तपासायच्या तक्त्यावर बोटभर धूळ होती.

पावणेदहाला घरातून निघालो. ती दारात उभी होती, काठी टेकून. हात केला. मी हात केला. वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, कोपऱ्यावर बघितलंच.

ठरलंय असं, की ती साडेदहाला निघणार. व्यायामवाली मुलगी तीन पावलं मागे राहणार, हात धरणार नाही. पूर्वी चार मिनिटांचा रस्ता होता. मधे दोन पायऱ्या आहेत आणि एक चौक. डबा गळ्यात अडकवायची पिशवी करून घेतलीय. डब्यात काय आहे ते मला सांगितलेलं नाही. बोलणं शिकवणाऱ्या बाई महिनाभर तिच्याकडून डाव्या हाताने अक्षरं गिरवून घेतायत, आता थोडं थोडं लिहिते, पण तेही लिहून दिलं नाही.

साडेदहा वाजले. निघाली असेल.

एक गिऱ्हाईक येऊन गेलं, वाचायचा चष्मा हवा होता. मी म्हटलं, थोड्या वेळाने या, मॅनेजरबाई आल्या नाहीत अजून. त्याने विचारलं, "बऱ्या झाल्या का?" मी 'हो' म्हणणार होतो. म्हटलं, "त्यांनाच विचारा."

दहा पन्नास. दाराबाहेर जाऊन रस्त्याच्या टोकाला बघायची फार इच्छा होतेय. जात नाही. एका हाताने लिहितोय, दुसरा मांडीखाली आहे. तू हे एकतीस वर्षं विरामात बसून कसं काढलंस? मला वाटायचं तुझं काम बोलण्याचं आहे.

अकराला पाच कमी. चौकात गाड्यांचे हॉर्न वाजतायत. काहीतरी अडलंय. ताई, मी उठतो, माफ कर, मला राहवत

*(याच्याखाली, डाव्या हाताने लिहिलेल्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत)*

वन्सं
मी आले
पत्र पुरे
गिऱ्हाईक उभं आहे